अंगठा घेण्याआधी : पुनर्वसन समुपदेशनात संमती कशी मागावी

कडबाकुट्टीत उजवा हात गेलेले एक मामा पहिल्यांदा माझ्या टेबलासमोर बसले. मी फॉर्म पुढे सरकवला, आणि त्यांच्या मुलानं वडिलांचा डावा अंगठा धरून स्टँपपॅडवर दाबला. मामांनी हात सैल सोडला होता. अंगठा कागदावर टेकायच्या आत मी कागद मागे ओढला.

"मामा, कशावर अंगठा देताय?"

"पोरगं म्हनलं द्या, म्हणून देतोय."

त्या एका कागदावर तीन गोष्टी होत्या : दोन महिने दुसऱ्या जिल्ह्यात राहून प्रशिक्षण घ्यायची तयारी, दवाखान्याचे कागद दुसऱ्या संस्थांना दाखवायची परवानगी आणि फोटो छापायची परवानगी. मामांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते हात बसवून घ्यायला आले होते, कारण घरी दोन म्हशी होत्या.

सांगली-कोल्हापूर भागात मी बावीस वर्षं पुनर्वसन समुपदेशक म्हणून काम करते. कुट्टीत, मळणी यंत्रात, यंत्रमागावर हात गमावलेली माणसं येतात. झाडावरून पडून मणका मोडलेली येतात, अर्धांगवायूनं वाचा गेलेली येतात, मानसिक आजारातून सावरून पुन्हा कामाला लागू बघणारी येतात. या कामात नव्यानं आलेली मुलं-मुली माझ्याकडे संमतीपत्राचा नमुना मागतात. तो मी देते. पण नमुन्यावर सही होण्याआधी जे करायचं असतं, ते कुणी लिहून दिलेलं नसतं. ते इथं लिहिते आहे.

आधी एका शब्दाचं बोलते. आपल्या फायलींवर या माणसांना 'लाभार्थी' म्हणतात. मला तो शब्द खुपतो. लाभ घ्यायला आलेल्यानं "नको" म्हणायचं नसतं, असं त्या शब्दातच बसलेलं आहे. मी फाईलवर पेन्सिलीनं नाव लिहिते आणि बोलताना मामा, ताई, दादा, जे नातं जुळेल ते म्हणते.

पहिल्या भेटीत आधी आपल्याबद्दल सांगा

समोरच्याला त्याचा अपघात कसा झाला हे विचारण्याआधी आपण कोण, हे सांगायचं. मी साधारण असं बोलते : "मी डॉक्टर नाही, औषध देत नाही. काम, शिक्षण, घरातलं वागणं-फिरणं पुन्हा कसं जमवायचं यात मी मदत करते. पगार मला ही संस्था देते. तुम्ही बोलाल ते मी या वहीत लिहिते, वही कुलपात असते. इथले डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना उपचारापुरतं सांगते, ते तुम्हाला चालेल का ते सांगा. बाकी कुणालाही तुम्हाला विचारल्याशिवाय सांगत नाही. तीन वेळा मात्र मला गप्प राहता येणार नाही : तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर, लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर आणि कोर्टानं मागितलं तर."

हे सगळं दोन मिनिटांत होतं. वेळ नाही म्हणून पुढच्या भेटीवर ढकलू नका, कारण माणूस मोकळं बोलून गेल्यावर मर्यादा सांगणं म्हणजे त्याची फसवणूक होते.

आणखी एक गोष्ट मी सांगते, जी माझ्या वरिष्ठांना सुरुवातीला आवडली नव्हती. आमच्या संस्थेला महिन्याला किती जणांना प्रशिक्षणाला पाठवलं, किती जण कामाला लागले, याचे आकडे द्यावे लागतात. म्हणजे तुम्ही "हो" म्हणावं यात माझाही फायदा आहे. हे समोरच्याला माहीत असलं पाहिजे. "तुम्ही नाही म्हणालात तरी फिजिओ, जयपूर फूट, दाखल्याची मदत, यातलं काही थांबणार नाही," हेही त्याच दमात सांगायचं, आणि ते खरं आहे ना याची आधी संस्थेत खात्री करून घ्यायची.

दहा मिनिटं एकट्यात

आपल्याकडे माणूस एकटा येत नाही. बायको येते, भाऊ येतो, मेव्हणा गाडी घेऊन आलेला असतो, आणि प्रश्न मामांना विचारला की उत्तर मेव्हणा देतो. घरच्यांना वाईट समजायचं कारण नाही. रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देणारी तीच माणसं असतात. पण त्यांच्यासमोर माणूस त्यांना आवडेल तेच बोलतो.

घरच्यांना बाहेर पाठवायला काहीतरी निमित्त काढू नका, म्हणजे "जरा एक्स-रे घेऊन या" वगैरे. ते त्यांना कळतं आणि संशय येतो. मी सरळ सांगते, "आमचा नियम आहे. प्रत्येकाशी आधी दहा मिनिटं एकट्यानं, मग सगळे बसून." नियम म्हटल्यावर कुणाला अपमान वाटत नाही, आणि तो खरोखर सगळ्यांना लावला की नियमच होतो. बाई असेल आणि घरच्यांना अवघड वाटत असेल तर दार अर्धं उघडं ठेवा, पण बोलणं बाहेर ऐकू जाणार नाही इतकं लांब बसा.

मामांशी मी अशीच बोलले. मुलाला वडिलांना हातासारखा दिसणारा हात हवा होता. बहिणीचं लग्न ठरत होतं, पाहुण्यांसमोर बाही रिकामी दिसू नये, असं त्याला वाटत होतं. मामांना त्यांच्या भाषेत "बादली धरनारा" हवा होता. इतके दिवस त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, आणि कृत्रिम हात वेगवेगळ्या प्रकारचे असतात हेही सांगितलं नव्हतं.

"समजलं का?" हा प्रश्न सोडून द्या

"समजलं का?" असं विचारलं की आपल्याकडे सगळे "हो" म्हणतात. मॅडमचा वेळ घ्यायचा नाही, अडाणी दिसायचं नाही, म्हणून म्हणतात. त्याऐवजी, "घरी गेल्यावर मामींना काय सांगाल?" असं विचारा. ते जे सांगतील तेवढंच त्यांना समजलंय. जे सुटलं ते आपल्या सांगण्यात कमी पडलं असं धरून पुन्हा सांगा.

आणि वस्तू दाखवा. मी मामांपुढे दोन प्रकारचे कृत्रिम हात ठेवले. एक दिसायला हातासारखा, वर कातडीच्या रंगाचा मोजा, बोटं हलत नाहीत, वजनाला हलका. दुसरा हूक : लोखंडी आकड्यांची जोडी, तिला रबराची कडी लावलेली, दुसऱ्या खांद्याखालून पट्टा आणि पाठीवरून तार. खांदा पुढे रेटला की तार ओढली जाते आणि आकडे उघडतात. खांदा सैल सोडला की रबरामुळे मिटतात. कडी वाढवली की पकड घट्ट होते, पण उघडायला जोर जास्त लागतो. हुकाच्या पट्ट्यानं काखेत काचतं, उन्हाळ्यात घाम येतो, आणि सवय व्हायला आठवडे जातात, हेही मी सांगितलं. दोन्हीपैकी काहीच न घेता डाव्या हातानं काम शिकणं हा तिसरा रस्ता आहे, तोही सांगितला. "काहीच न करणं" हा पर्याय सांगायला आपण हमखास विसरतो. तो नसेल तर निवड कसली?

मामांनी हूक हातात घेतला, उलटासुलटा केला, माझ्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीची कड आकड्यांत अडकवून बघितली. मग म्हणाले, "पोरगीचं लगीन झाल्यावर सांगतो."

मी तसंच लिहिलं आणि पुढची तारीख दिली. त्या दिवशी कुठल्याच कागदावर अंगठा घेतला नाही.

फॉर्मची भाषाही बदला. "सदर प्रशिक्षणार्थी उपरोक्त बाबींस विनाहरकत संमती देत आहे" हे वाक्य मलाही दोनदा वाचावं लागतं. आमच्याकडे आता तीन वेगळे कागद आहेत आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरात चार-पाच ओळी : काय होणार, किती दिवस, त्रास काय होऊ शकतो, मधेच सोडता येईल का, कुणाला विचारायचं. तिन्हींवर वेगवेगळी सही. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे.

ठरवायची क्षमता कशी बघायची

इथं सगळ्यात जास्त घोटाळे होतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. "पेशंटला काही कळत नाही, तुम्ही आमच्याशी बोला," हे वाक्य दर आठवड्याला ऐकू येतं. न कळणं हे सरसकट नसतं. एखाद्याला बँकेचा व्यवहार झेपत नसेल, पण कोणाजवळ राहायचं हे त्याला पक्कं कळत असतं. म्हणून क्षमता त्या एका निर्णयापुरती, त्या दिवसापुरती बघायची.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम ४ मी टेबलाच्या काचेखाली लावून ठेवलंय. ते मानसिक आजाराच्या उपचारांबद्दल आहे, पण मोजपट्टी म्हणून मला सगळीकडे उपयोगी पडतं. त्यात तीन गोष्टी आहेत : दिलेली माहिती समजते का, निर्णयाचा परिणाम काय होईल हे लक्षात येतं का, आणि बोलून, खुणेनं किंवा कुठल्याही मार्गानं निर्णय कळवता येतो का. त्याच कलमात पुढे म्हटलंय की इतरांना निर्णय चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्या माणसाला क्षमता नाही असं धरायचं नाही. नवीन मुलांना मी हे वाक्य मोठ्यानं वाचायला लावते.

अर्धांगवायूनं वाचा गेलेल्यांशी बोलताना सावध राहा. काहींची मान "हो"ला आणि "नाही"ला सारखीच हलते. आधी उत्तर ठाऊक असलेले प्रश्न विचारा : "तुम्ही मिरजेचे का?" मग मुद्दाम चुकीचा, "तुम्ही नाशिकचे का?" उत्तरं बरोबर आली तर खरा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारा. "घरी जायचंय का?" आणि थोड्या वेळानं, "इथंच राहायचंय का?" दोन्हीला मान डोलली तर थांबा, चित्रं घ्या, दुसऱ्या दिवशी सकाळी या. फिजिओ झाल्यावर दमलेल्या माणसाला, गुंगीच्या गोळीनंतर, चष्मा किंवा श्रवणयंत्र घरी राहिलेलं असताना निर्णय विचारू नका.

बहिऱ्या व्यक्तीशी बोलायला तिच्या दहा वर्षांच्या मुलीला दुभाषी करू नका. सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळेपर्यंत थांबा. लिहून दाखवलं की काम झालं असंही नाही. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं आहे, आणि लिहिलेली मराठी प्रत्येकाला सरळ उमगते असं नाही. अंध व्यक्तीला कागद पूर्ण वाचून दाखवा, "यात नेहमीचंच आहे" म्हणून गाळू नका. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला कामावर पाठवायचं असेल तर ती जागा त्याला दोनदा दाखवून आणा. एकदा बघून आलेला मुलगा मला म्हणाला होता, "तिथं आवाज आहे." घरच्यांनी, मी, मालकानं, कुणीच तो विचार केला नव्हता. त्यानं दुसरं काम घेतलं.

घरच्यांची सही कुठे चालते, कुठे नाही

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या आणि समजू शकणाऱ्या माणसाच्या जागी आई, बाप, नवरा, मुलगा, कुणाचीही सही चालत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात हेच सांगितलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचं गर्भाशय काढलं होतं. न्यायालय म्हणालं, जिवाची घाई नव्हती, बाई सज्ञान होती, ती शुद्धीवर यायची वाट बघायला हवी होती. २००९ साली सुचिता श्रीवास्तव खटल्यात, चंदीगडच्या सरकारी संस्थेतल्या सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला मूल हवं होतं, आणि न्यायालयानं तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करू दिला नाही.

आपल्याला तर लांब जायला नको. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असं कारण दिलं होतं. त्यावर महाराष्ट्रभर वादळ उठलं. प्रशिक्षणात मी हे प्रकरण न चुकता सांगते, कारण ज्यांनी हे ठरवलं त्यांना आपण मुलींच्या भल्याचंच करतोय असं वाटत होतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये पालकत्वही मर्यादित आहे : ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि त्या व्यक्तीसोबत मिळून ठरवायचं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. घरचे "आम्ही गार्डियन आहोत" म्हणाले तर तो कागद बघायला मागा. कागद असला तरी प्रश्न आधी त्या व्यक्तीलाच विचारा.

मालकाचा फोन आला तर

"तो कामाला येईल का, एवढंच सांगा मॅडम," असा फोन येतो, आणि पाच मिनिटांत त्या एवढ्याशा प्रश्नाचं "दारू पितो का, डोकं ठिकाणावर आहे का" होतं. फोनवर मी एकच वाक्य म्हणते : "त्यांना विचारून लेखी कळवते." तो माणूस आपल्याकडे येतो हेसुद्धा फोनवर कबूल करू नका. लेखी कळवताना आजाराचं नाव घालायची गरज नसते. किती वेळ उभं राहता येतं, किती वजन उचलता येतं, कुठली सोय लागेल, एवढं पुरतं. पत्र पाठवण्याआधी त्याला वाचून दाखवा.

एका सरकारी खात्यातल्या ड्रायव्हरचा पाय गुडघ्याखाली गेला. कार्यालयातून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाइप होऊन आला होता, आणि एकरकमी पैसे मिळतील म्हणून घरच्यांनाही तो बरा वाटत होता. दादा म्हणाले, "सगळे म्हणतात तर करतो सही." इथं मी काय करायचं? सही करू नका म्हणणं माझं काम नाही. पण माहिती नसताना केलेली सही ही संमती नव्हे. मी त्यांना २०१६ च्या कायद्याचं कलम २०, पोटकलम ४ वाचून दाखवलं : सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, हुद्दा कमी करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यायचं, पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे त्यांच्यासाठी जादाचं, पद निर्माण करून ठेवायचं. दादा बराच वेळ गप्प होते. मग अर्जाची घडी करून खिशात घातली. आठ दिवसांनी आले आणि म्हणाले, भांडारात काम मागायचंय, अर्ज लिहायला मदत करा.

दोन्हीकडून ओढ असेल तेव्हा

माझी एक चूक सांगते. मणक्याची इजा झालेला एक तरुण मला म्हणाला, घरी परत जायचं नाही, वसतिगृहात राहून शिकायचंय, पण आईला आत्ताच सांगू नका. आई रोज डबा घेऊन येत होती, रात्री बसायची, घराच्या दाराला उतरण बांधायला तिनं सोनं मोडलं होतं. मला तिची फार कणव आली. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मी तिला सांगून टाकलं. मुलगा त्यानंतर माझ्याशी हवापाण्याचं बोलायचा, बाकी काही नाही. तीन महिन्यांनी त्यानं येणं बंद केलं. त्याला मी आधी म्हणू शकले असते, "आई उतरण बांधायला काढतीये. तिला आज सांगायला हवं. तू सांगतोस, की आपण दोघं मिळून सांगू?" हा रस्ता तेव्हा माझ्या डोक्यातच आला नाही.

तेव्हापासून असं काही आलं की त्याच दिवशी ठरवत नाही. कागदावर वर तो प्रश्न एका वाक्यात लिहिते. खाली, याचा परिणाम कुणाकुणावर होणार. कायदा काय म्हणतो. त्या माणसानं स्वतःच्या शब्दांत काय मागितलंय. मग सुचतील तेवढे रस्ते, निदान तीन. दोनच सुचले तर अजून विचार झालेला नाही. मग नाव-गाव न सांगता एका वरिष्ठ सहकाऱ्याला वाचून दाखवते. शेवटी स्वतःला विचारते, हे मी त्या माणसासमोर बसून, त्याच्या डोळ्यात बघून सांगू शकेन का?

जिवाचा प्रश्न असेल तर मात्र एवढा वेळ नसतो. कुणी "आता जगून काय करायचं" म्हणालं तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतो का, काही ठरवलंय का. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांना आणि घरच्यांना सांगा, पण "मी आता यांना सांगणार आहे" हे आधी त्यालाच सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्याच्या आणि घरच्यांच्या मोबाईलमध्ये तिथंच सेव्ह करून द्या.

फोटो

तीनचाकी सायकल वाटपाचा कार्यक्रम, व्यासपीठ, पाहुणे, कॅमेरा. तिथं कुणी नाही म्हणत नाही, म्हणून तिथली परवानगी मी परवानगी मानत नाही. वस्तू आधी देऊन टाका, फोटोचं आठ दिवसांनी विचारा. आमच्याकडे असं सुरू केल्यावर फोटो निम्म्यावर आले. देणगीदारांना कारण सांगितलं, बहुतेकांनी समजून घेतलं.

वहीत काय लिहायचं

नुसतं "संमती घेतली" असं लिहू नका. काय सांगितलं, कोण हजर होतं, माणूस काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा, आणि नकार असेल तर तोही तितक्याच काळजीनं. मामांच्या पानावरच्या शेवटच्या नोंदी अशा आहेत :

"तिसरी भेट. मामा एकटे आले, एस.टी.नं. लग्न झालं. लग्नात बाही दुमडून पिन लावली होती म्हणाले. हूक हवा. पट्टा काचेल हे स्वतःहून सांगितलं. 'काचू दे, कापड घालतो.' निवासी प्रशिक्षण नको, म्हशी कोण बघणार. फोटो नको. कागद लिम्ब सेंटरला (कृत्रिम हात-पाय बसवतात तिथं) पाठवायला हो. त्या एकाच कागदावर अंगठा घेतला, आधी वाचून दाखवला.

"चौथी भेट. मुलगा सोबत. अजून नाराज, पण पट्टा बांधायला तोच शिकतोय. रबराच्या दोन कड्या लावल्या, मामांनी आणखी एक मागितली. प्रशिक्षणाचं पुन्हा विचारलं. नाही म्हणाले. दिवाळीनंतर परत विचारायचं."